पाचारण कोणाचे आणि हाक कोणाची?

'पाचारण' हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजात रोजच्या वापरातला आहे. उपदेशात तो येतो, प्रार्थनेत येतो, पाळकाच्या दीक्षाविधीत येतो. एरवीच्या मराठीत हा शब्द थोडा दरबारी वळणाचा आहे. वैद्याला पाचारण करतात, लष्कराला पाचारण करतात. मंडळीत मात्र त्याचा अर्थ असा की देवाने एखाद्या माणसाला त्याच्या जगण्याचा हेतू दाखवून आपल्या कामासाठी बोलावले. आणि हा माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो.

आमच्या घरात बोलावण्याचा आणखी एक अर्थ होता. त्याला पाचारण म्हणत नसत, हाक म्हणत. पणजोबांच्या काळातच आमचे घर ख्रिस्ती झालेले, तरी नगर जिल्ह्यातल्या त्या गावाने आमची येसकरपाळी सोडली नव्हती. पाळीच्या दिवशी चावडीवरून हाक आली की आजोबांना ताटावरून उठावे लागे. सांगावा पोचवायचा, सरकारी माणसाचे ओझे पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचे, मेलेले जनावर ओढायचे आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची. रविवार असो की नाताळ. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली ही कनिष्ठ वतने गेली तेव्हा आजोबा तिशीच्या आतच होते. आजी सांगायची की त्यानंतरही कित्येक वर्षे लांबून कोणी मोठ्याने नाव घेतले की ते दचकून उभे राहत.

चार-पाच वर्षांपूर्वी मी वडिलांबरोबर एका मंडळीच्या पुरुष मेळाव्याला गेलो होतो. विषय होता ख्रिस्ती पुरुषाच्या जीवनातला देवाचा हेतू आणि त्याचे पाचारण. वक्ते शहरातले, मोठ्या हुद्द्यावरचे, बोलण्यात प्रामाणिक. त्यांनी सांगितले की देवाने प्रत्येक पुरुषाला एका जागी ठेवले आहे. ती जागा ओळखावी, तिथे विश्वासू राहावे, हातात फाइल असो की झाडू, काम देवानेच दिलेले आहे. शेवटी प्रत्येकाला कागद दिला गेला. देवाने मला कशासाठी निर्माण केले ते एका वाक्यात लिहायचे होते. माझे वडील शाळेत शिपाई होते, तीस वर्षे घंटा वाजवून निवृत्त झाले. त्यांनी कागद कोराच परत दिला. येताना एस.टी.त म्हणाले, "काय रे, हे साहेब म्हणत्यात तसं असंल तर तुझ्या आज्याची येसकरकीबी देवानंच दिली व्हती का?"

मी कॉलेजात साहित्य शिकवतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून वडील माझ्याकडे असे प्रश्न विश्वासाने टाकतात. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख ही त्या प्रश्नाशी केलेली झटापट आहे.

हा ख्रिस्ती लोकांचा घरगुती प्रश्न आहे, आपला काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. मला तसे वाटत नाही. जन्माने चिकटलेले काम आणि देवाने नेमलेले काम यांतला फरक स्पष्ट सांगता येत नसेल, तर जातिव्यवस्था कोणत्याही धर्माची भाषा शिकून पुन्हा बोलू लागते. ती संस्कृतात बोलली तेव्हा आपण ओळखली. ती बायबलच्या मराठीतही बोलू शकते.

वक्त्यांच्या प्रतिपादनाचे मूळ पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीतच राहावे, हा त्याचा सल्ला. सुंता झालेला आणि न झालेला यांचे उदाहरण देऊन तो दासाकडे येतो, आणि येथे मजकूर अडखळतो. दासाला मोकळे होण्याची संधी आली तर त्याने काय करावे? मूळ ग्रीक वाक्यात 'उपयोग कर' अशा अर्थाचे क्रियापद आहे. पण कशाचा उपयोग, हे लिहिलेलेच नाही. स्वातंत्र्याचा की दास्याचा? चौथ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या योहान ख्रिसोस्तोम या ख्यातनाम उपदेशकाने दास्यातच राहावे असा अर्थ घेतला. अलीकडचे बरेच अभ्यासक स्वातंत्र्याची संधी घ्यावी असा अर्थ घेतात. व्याकरण दोघांनाही अडवत नाही. तेव्हा गाळलेल्या शब्दाच्या जागी कोण काय भरतो हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. भरणारा मालकाच्या ओसरीवर बसला आहे की गोठ्यात उभा आहे, यावर ते ठरते. शिवाय, काळ थोडा उरला आहे, या जगाचे रूप सरत चालले आहे, असे पौल त्याच अध्यायात सांगतो. थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी दिलेला सल्ला पुढे दोन हजार वर्षांचा कायदा झाला.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने या विचाराला नवे वळण दिले. मठात जाणाऱ्यालाच पाचारण असते ही समजूत त्याने मोडली. चांभार, शेतकरी, दासी यांचे कामही देवाला तितकेच प्रिय आहे, असे तो म्हणाला. धंदा आणि पाचारण हे दोन्ही अर्थ एकाच जर्मन शब्दात कसे मिसळले, याचे विवेचन माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये केले, ते आपले समाजशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेपुरते वाचतात. श्रमाला प्रतिष्ठा देणारा हा विचार मोठा होता, हे मान्य करायलाच हवे. ज्या देशात चांभाराची सावली टाळली गेली त्या देशातल्या माणसाने तर ते आधी मान्य करावे.

पण १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी बारा कलमांची मागणीपत्रिका काढली. तिसऱ्या कलमात त्यांचे म्हणणे असे की ख्रिस्ताने सर्वांना आपल्या रक्ताने मुक्त केले असताना आम्ही कोणाचे वेठकुळ म्हणून राहणार नाही. ल्यूथरला हे मानवले नाही. आत्म्याच्या स्वातंत्र्याचा त्यांनी देहाचे स्वातंत्र्य असा अर्थ लावला, अशी त्याची तक्रार. म्हणजे चांभाराचे काम पवित्र, पण चांभाराने उठून 'मी हे काम सोडतो' म्हटले की देवाच्या नेमणुकीला धक्का! काम उंचावले गेले, कामगार जागच्या जागी राहिला. आपल्याकडच्या वाचकाला या ठिकाणी गीतेतला स्वधर्म आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही विचार एकच आहेत असे मी म्हणत नाही. ल्यूथरच्या चांभाराचा मुलगा चांभारच झाला पाहिजे असे कोणत्याही ख्रिस्ती शास्त्रात लिहिलेले नाही, आणि हा फरक लहान नाही. पण भारतात ही शिकवण येते ती मोकळ्या मैदानात येत नाही. येथे जागा आधीच वाटून दिलेल्या आहेत. 'तुझ्या जागी विश्वासू राहा' हे वाक्य येथे उच्चारताच त्याच्या पाठीमागे मनू येऊन उभा राहतो, वक्त्याने त्याला बोलावलेले नसले तरी.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे असे दाखवून दिले. ज्या कामात माणसाची आवड नाही, निवड नाही, त्या कामात त्याचे मन कसे राहील, असा त्यांचा सवाल आहे. पाचारणाचा विचार याच कसोटीवर घासला पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला बोलावणे म्हणजे पाचारण नव्हे, तो हुकूम. आजोबांना चावडीवरून यायचा तो.

आता गंमत अशी की स्वतः बायबल या बाबतीत त्या वक्त्यांच्या बाजूने फारसे उभे राहत नाही. जुन्या करारातला आमोस सांगतो की मी संदेष्टा नव्हे, संदेष्ट्याचा मुलगाही नव्हे, मी मेंढरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा. तो वारशाने आलेला नाही आणि पिढीजात पुजाऱ्याला हेच सुनावतो आहे. नव्या करारात कोळी जाळी टाकून निघतात, लेवी जकातीचे नाके सोडून उठतो. ज्यांना बोलावले ते बहुधा जागा सोडतात. आणि मोशेची गोष्ट तर आपण दलितांनी आपली म्हणून वाचावी अशी आहे. तिथे पाचारणाची सुरुवात मोशेच्या मनातल्या पोकळीतून होत नाही. विटा थापणाऱ्या गुलामांच्या आक्रोशातून होते. देव आधी आक्रोश ऐकतो, मग माणूस शोधतो. मोशे नाना सबबी सांगतो, मी कोण, माझे कोण ऐकेल, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला पाठव. त्याला नकार देण्याची मुभा आहे म्हणून त्याच्या होकाराला किंमत आहे.

अलीकडच्या 'हेतू शोधा' साहित्यात हा आक्रोश कुठे ऐकू येत नाही. रिक वॉरन या अमेरिकन पाळकांचे 'द पर्पज ड्रिव्हन लाइफ' हे पुस्तक २००२ साली निघाले आणि जगभर खपले. चाळीस दिवस, रोज एक प्रकरण, जीवनाचे पाच हेतू. पुस्तक दुष्ट नाही. स्वतःभोवती फिरणे सोडा, हे त्याचे सांगणे चांगलेच आहे. पण त्यातला वाचक रोज सकाळी शांत खोलीत बसणारा आहे. तालुक्याच्या नाक्यावर सकाळी सातला कामाची वाट पाहत उभा राहणारा पुरुष त्या पुस्तकाला दिसत नाही. त्या माणसाला आज कोणी बोलावले नाही, हाच त्याचा प्रश्न असतो.

मराठी ख्रिस्ती साहित्याकडे वळलो की वेगळी अडचण येते. आपल्याकडे पाचारणाची जी कथा प्रतिष्ठित झाली ती उच्च किंवा मध्यम जातीतल्या एकट्या पुरुषाची कथा आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) घ्या. एक बुद्धिमान तरुण वाचतो, वाद घालतो, शंका घेतो, तळमळतो आणि १८५४ साली बाप्तिस्मा घेतो. नारायण वामन टिळकांची कथा तर सर्वश्रुत आहे. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. या कथांचा साचा एकच: पुस्तक, मनोमंथन, घराचा त्याग. या माणसांनी फार सोसले आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. टिळकांची पदे आमच्या वस्तीतल्या निरक्षर बायका तोंडपाठ म्हणत असत. ते ऋण मी नाकारणार नाही.

परंतु त्याच काळात नगर भागात ख्रिस्ती झालेल्या माणसांत महार आणि मांगच बहुसंख्य होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. ही माणसे बहुधा एकटी आली नाहीत. भाऊबंद, मेहुणे, कधी अर्धा वाडा मिळून आला. त्यांची 'अरुणोदये' लिहिली गेली नाहीत. मिशनच्या अहवालांत ती आकड्यांनी आली आणि गावाने त्यांना 'पोटासाठी बाटलेले' म्हटले. ब्राह्मण धर्म बदलतो तेव्हा त्याला देवाने बोलावलेले असते, महार बदलतो तेव्हा त्याला भाकरीने बोलावलेले असते, असा हा न्याय. मी विचारतो, भाकरी मागून खाण्याचा ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या हक्क म्हणून अपमान लादला गेला, त्याला कमावलेल्या भाकरीत देव दिसला तर ते पाचारण खोटे का ठरावे? पोर शाळेत बसले, येसकराच्या काठीऐवजी त्याच्या हाती पाटी आली. अशा माणसाचा आध्यात्मिक अनुभव टिळकांच्या अनुभवापेक्षा उणा ठरवण्याचे माप कोणाकडे आहे?

टिळकांच्याच आयुष्यातली आणखी एक गोष्ट. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. परकीय पैशावर आणि हुकमतीवर चालणारे ख्रिस्तीपण त्यांना नको होते. निर्णय बाणेदार होता. पण त्याच मिशनच्या पगारावर खेड्यांतून शाळामास्तर, उपदेशक म्हणून काम करणारे महार-मांग ख्रिस्ती होते, त्यांना असा राजीनामा परवडला असता काय? त्यांच्या मागे ना विद्येची परंपरा, ना दुसऱ्या आश्रयाचा दरवाजा. राजीनाम्याच्या मागे गाव होते, आणि गावात चावडी. राजीनामा देण्यालासुद्धा ऐपत लागते, हे आपल्या समीक्षेने कधी लक्षात घेतले नाही.

आणि पुरुषाच्या पाचारणाची किंमत कोण मोजते? याचे उत्तर मराठीत एका बाईने देऊन ठेवले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. आजवर त्याची वाहवा निर्मळ विनोदासाठी झाली. मी ते पाचारणाची टीका म्हणून वाचतो. नवऱ्याला देवाने बोलावले. बायकोला कोणी विचारले नाही. मुलाला घेऊन तिने वर्षानुवर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने काढली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या मागून फरफटत जाऊन घेतलेला नाही. सोवळे-ओवळे तिने स्वतःच्या मनाशी भांडून, एकेक पायरी उतरत टाकले. टिळकांनी जात एका निर्णयाने सोडली. लक्ष्मीबाईंनी ती स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्याशी, रोज सोडली. मला विचाराल तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयातले सर्वांत अस्सल पाचारण या बाईचे आहे, आणि पुरुष मेळाव्यांत तिचे नाव कोणी घेत नाही.

त्या मेळाव्यात दुपारच्या सत्रात पुरुष हा कुटुंबाचा मस्तक कसा, यावर तासभर बोलणे झाले. समोर बसलेले बहुतेक पुरुष असे होते की ज्यांच्या बापाला गावातले शेंबडे पोरही 'अरे' म्हणत असे. ज्याचे पुरुषपण भर चौकात पायदळी तुडवले गेले त्याला धर्म सांगतो, घरात मात्र तू राजा. हा भरपाईचा सौदा आहे. आमच्या लोकांनी तो आनंदाने पत्करला, हे सांगताना मला लाज वाटते. बौद्ध घरांत तो झाला नाही असेही मी म्हणणार नाही.

अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोरला दिलेल्या व्याख्यानापासून आपल्या देशात दलित ईश्वरविद्येची मांडणी सुरू झाली. ख्रिस्ती धर्मचिंतनावर ब्राह्मणी तत्त्वज्ञानाची छाप आहे, ती पुसून दलितांच्या वेदनेतून देवाकडे पाहिले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मूलगामी आहे. पण पुढे ते देवालाच सेवक म्हणतात. धोबी, सफाई करणारा यांच्या रूपात देव पाहतात. यात दलिताचा गौरव आहे हे मला कळते. तरी मन कचरते. सेवा आमच्यावर लादली गेली होती. देवाच्या हातात झाडू दिल्याने झाडू हलका होत नाही. देव झाडू धरतो यापेक्षा तो झाडू टाकायला सांगतो, हे ऐकण्याची आम्हाला अधिक गरज आहे.

१९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी ख्रिस्ताविषयी आदर व्यक्त केला आणि त्याच भाषणात या समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढा दिला नाही असे परखडपणे सुनावले. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले धर्मांतरितांच्या स्थितीवरचे लेखन पुढे शासनाच्या ग्रंथमालेच्या ५ व्या खंडात आले. तिथे त्यांनी या स्वस्थतेचे कारण शोधले आहे. माणसाचे दुःख त्याच्या पापातून येते असे शिकवले की तो भोवतालच्या समाजाकडे बोट दाखवायचे विसरतो. 'स्वतःचा हेतू शोधा' ही त्याच शिकवणुकीची नवी, हसतमुख आवृत्ती आहे. पूर्वी दोष तुझ्या आत होता, आता उत्तर तुझ्या आत आहे. गाव दोन्ही वेळा बाहेरच राहते.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. त्यामुळे आमच्याकडे पाचारणाला एक कागदी बाजू आहे, ती कोणत्याही उपदेशात येत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे एक विद्यार्थी आला. घर मातंग, आईवडील ऊसतोडीला जाणारे. दाखल्यावर एक धर्म आहे, रविवारी तो उपासनेत हार्मोनियम वाजवतो. पाळक होण्यासाठी सेमिनरीत जावे की स्पर्धा परीक्षेला बसावे, हे त्याला ठरवायचे होते. सेमिनरीत गेला तर दाखला गेला, आणि धाकट्या भावंडांचेही पुढे काय होईल सांगता येत नाही. "सर, देव बोलावतोय असं आतून वाटतं," तो म्हणाला, "पण आईला विचारलं तर ती रडती."

मी त्याला सल्ला दिला नाही. निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय पुन्हा वाचून मोशे किती वेळा नाही म्हणाला ते मोजून ये, एवढे सांगितले. आठवड्याने तो आला. "पाच वेळा," म्हणाला, "आणि शेवटी देव चिडला, सर. पण त्याचं म्हणणं सगळं ऐकून घेतल्यावर." मग त्याने परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख विचारली. महिनाअखेर होती. दोन्ही अर्ज त्याच्या पिशवीत होते, कोरे.